तळाच्या ओळीतले आकडे

गुणतक्ता तळापासून वर वाचत जायची मला जुनी खोड आहे. पहिला कोण आला हे न विचारताच दहा जण सांगतात. शेवटचा कोण राहिला हे मात्र आपले आपणच शोधावे लागते, आणि शोधल्यावर बहुतेक वेळा तिथेच अधिक मजकूर सापडतो. या खोडीपायीच इंग्लिश फुटबॉलमध्ये लिव्हरपूल किंवा आर्सेनलपेक्षा रॉचडेल या क्लबाशी माझा परिचय अधिक वाढला. फुटबॉल लीगमध्ये काढलेल्या 102 वर्षांत या क्लबाने कोणत्याही डिव्हिजनचे विजेतेपद मिळवले नाही आणि वरच्या दोन डिव्हिजनांचे तोंडही पाहिले नाही. तरीही त्याच्या सामन्यांची, गोलांची, खेळाडूंची आणि प्रेक्षकांची नोंद एखाद्या नामांकित क्लबाइतक्याच निगुतीने ठेवलेली आहे. विजयाचा हिशेब कोणीही हौसेने लिहील. पराभवाचा हिशेब शंभर वर्षे पै-पैसह लिहून ठेवायला वेगळी चिकाटी लागते.

रॉचडेल हे नाव आपल्याकडच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना फुटबॉलच्या फार आधी भेटते. मँचेस्टरजवळच्या, पेनाइन टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या या गिरणगावात 21 डिसेंबर 1844 रोजी काही विणकरांनी टोड लेन नावाच्या गल्लीत पीठ, लोणी, साखर, ओट आणि मेणबत्त्या एवढ्या मालावर एक दुकान उघडले. आपले साखर कारखाने, दूध संघ आणि नागरी बँका आजही सहकाराच्या ज्या तत्त्वांचा वारसा सांगतात, ती या दुकानाने घालून दिली. त्यांतले ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व पुढच्या हकिगतीसाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

फुटबॉल क्लब मात्र 1907 सालचा. 1921 मध्ये लीगने उत्तरेकडील क्लबांसाठी थर्ड डिव्हिजन नॉर्थ सुरू केली तेव्हा रॉचडेलला तीत जागा मिळाली. लीगमधला पहिलाच सामना त्यांनी अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनलीविरुद्ध 6-3 असा जिंकला आणि त्यानंतर हंगामअखेर तक्त्यात शेवटचा क्रमांक पटकावला. पुढच्या शतकाचा सगळा रागरंग त्या एका हंगामातच दिसून आला होता, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

खरे तर सुरुवातीला वेगळेही घडू शकले असते. 1923-24 च्या हंगामात रॉचडेलने 42 सामन्यांत फक्त 5 गमावले आणि फक्त 26 गोल स्वीकारले. विजयाला तेव्हा 2 गुण असत; त्या हिशेबाने त्यांचे 62 गुण झाले आणि वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सचे 63. डिव्हिजनमधून बढती मिळे ती फक्त पहिल्या क्रमांकाला. तीन वर्षांनी, 1926-27 मध्ये, अल्बर्ट व्हाइटहर्स्ट याने एका हंगामात लीगचे 44 गोल केले, चेस्टरफील्डला 8-1 असे हरवून क्लबाने आपला सर्वांत मोठ्या विजयाचा विक्रम केला, आणि क्रमांक पुन्हा दुसराच आला. या वेळी पुढे स्टोक होते. आजच्या नियमानुसार दुसऱ्या क्रमांकालाही थेट बढती मिळते. आकडेवारी वाचणाऱ्याला अशा ठिकाणी थांबून चुकचुकायचा हक्क असतो आणि मी तो दर वेळी बजावतो.

पण मी ज्या ओळीकडे पुन्हापुन्हा जातो ती 1931-32 च्या तक्त्याची शेवटची ओळ आहे. ती अशी: सामने 40, विजय 4, बरोबरी 3, पराभव 33, केलेले गोल 48, स्वीकारलेले गोल 135, गुण 11. ही ओळ डावीकडून उजवीकडे सावकाश वाचावी. पहिला आकडाच मुळात अपुरा आहे. डिव्हिजनमध्ये 22 क्लब होते, म्हणजे प्रत्येकाचे 42 सामने व्हायला हवे होते. पण शेजारच्या विगन गावाचा विगन बरो हा क्लब पैशाअभावी ऑक्टोबरातच लीग सोडून गेला आणि त्याचे झालेले सामने नोंदीतून काढून टाकण्यात आले. पुढे 4 आणि 3 हे दोन आकडे कसेबसे उभे आहेत. 33 बद्दल बोलायला नको. त्यानंतरचा 48 हा आकडा मात्र कोड्यात टाकतो, कारण सामन्यामागे सरासरी एकाहून जास्त गोल करणारा संघ अगदीच पांगळा म्हणता येत नाही. उलगडा होतो तो 135 पाशी. आठ वर्षांपूर्वी ज्या क्लबाच्या जाळ्यात सबंध हंगामात 26 गोल गेले होते, त्याच क्लबाचा गोलरक्षक आता दर सामन्यात तीनहून अधिक वेळा वाकून चेंडू बाहेर काढत होता. नाताळच्या दिवशी इंग्लंडमध्ये तेव्हा सामने खेळले जात. 25 डिसेंबर 1931 रोजी ट्रॅनमियर रोव्हर्सने त्यांना 9-1 असे हरवले. तो एक गोल करणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय आले असेल, याचा मी कधीकधी विचार करतो.

या हंगामात नोव्हेंबर ते मार्च या काळात रॉचडेलने लीगचे सलग 17 सामने गमावले. महिने पाहिले की दुसरेही काही दिसते. जागतिक मंदी, जपानी कापडाची स्पर्धा आणि भारतातील परदेशी मालावरचा बहिष्कार यांच्या कात्रीत लँकेशायरच्या गिरण्या सापडल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी डार्वेनला जाऊन गिरणीकामगारांना भेटले. डार्वेन हे याच लँकेशायर परगण्यातले गाव. रॉचडेलचा संघ मुंबईतल्या परदेशी कापडाच्या होळीमुळे हरला, असा सिद्धांत कोणी मांडला तर मी त्याला हसेन. परंतु गिरण्यांचे भोंगे बंद पडलेल्या गावातल्या क्लबाकडे तिकिटाचे पैसे कोठून येणार आणि चांगले खेळाडू कसे टिकणार, हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. तक्त्यात गिरणीचा उल्लेख नसतो, पण 135 या आकड्यात तिचा थोडा वाटा असावा असा माझा कयास आहे.

एवढे होऊनही क्लब लीगमध्ये कसा राहिला, याचे उत्तर जुन्या व्यवस्थेत आहे. तळाला राहिलेल्या क्लबांना त्या काळी आपोआप बाहेर जावे लागत नसे. त्यांनी पुन्हा प्रवेशासाठी अर्ज करायचा, बाहेरच्या क्लबांनीही अर्ज करायचे, आणि लीगच्या क्लबांनी वार्षिक सभेत मतदान करायचे, अशी रीत होती. आपल्याकडच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली आहे त्याला या मतदानात गुणवत्तेइतकीच ओळखपाळख आणि शेजारधर्म चालत असणार हे वेगळे सांगायला नको. 1978 मध्ये रॉचडेल संपूर्ण लीगमध्ये शेवटचे, म्हणजे 92 वे आले. मतदानात मात्र बाहेर पडले ते त्यांच्या एक पायरी वर असलेले साउथपोर्ट, आणि त्या जागी विगन अ‍ॅथलेटिक आत आले. साउथपोर्टच्या माणसांना ही गोष्ट आजही पचली नसेल.

दोनच वर्षांनी, 1980 मध्ये, रॉचडेल पुन्हा तळाला होते आणि समोर ऑल्ट्रिंचम हा लीगबाहेरचा दमदार क्लब उभा होता. मतमोजणी झाली: रॉचडेल 26, ऑल्ट्रिंचम 25. ऑल्ट्रिंचमला ज्यांचा भरवसा होता अशा दोन क्लबांच्या प्रतिनिधींचे मतच पडले नाही. एकाने वेळेचा घोळ केला आणि दुसरा सभागृहात मतदानाचा हक्क नसलेल्या भागात जाऊन बसला, अशी हकिगत सांगतात. ‘एक सभासद, एक मत’ जगाला शिकवणाऱ्या गावाचा क्लब एका मताने तरला. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिले असते तर संपादकाने ओढूनताणून आणलेला योगायोग म्हणून समासात रेघ मारली असती.

मधल्या काळातला 1973-74 चा हंगाम हा माझ्या मते पराभवाचा सर्वांत चिवट नमुना आहे. 46 सामन्यांत विजय फक्त 2. परंतु बरोबऱ्या 17 आहेत, आणि 1931 च्या संघापेक्षा हा संघ वेगळा ठरतो तो इथेच: जिंकता येत नव्हते, पण सहजासहजी हारही जात नव्हता. त्या हिवाळ्यात कोळसा खाणीतील तंट्यामुळे ब्रिटनमध्ये विजेची टंचाई होती, कारखाने आठवड्यातून तीन दिवस चालत, आणि प्रकाशझोतात सामने खेळायला बंदी होती. त्यामुळे 5 फेब्रुवारी 1974 रोजी, मंगळवारी, केंब्रिज युनायटेडविरुद्धचा सामना भर दुपारी खेळवावा लागला. अधिकृत प्रेक्षकसंख्या भरली 450. याच स्पॉटलंड मैदानावर 1949 च्या डिसेंबरात एफ. ए. कपच्या सामन्यात नॉट्स काउंटीविरुद्ध 24,231 माणसे जमली होती. काउंटीकडे तेव्हा टॉमी लॉटन होता, आणि त्याला पाहायला लोक कोठेही जात. 450 माणसांच्या आकड्याविषयी मला अधिक कुतूहल आहे. मंगळवारी दुपारी कामधंदा सोडून, हंगामात जेमतेम जिंकणाऱ्या संघाला पाहायला आलेल्या या 450 जणांना क्लबाने एखादे प्रशस्तिपत्र द्यायला हवे होते.

प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर अर्थात डोळे झाकून विश्वास ठेवू नये. लीगमधील सर्वांत कमी प्रेक्षकांचा सामना म्हणून स्टॉकपोर्ट काउंटी आणि लेस्टर सिटी यांच्या 7 मे 1921 च्या सामन्याचे नाव घेतले जाते, आणि संख्या दिली जाते 13. स्टॉकपोर्टचे स्वतःचे मैदान बंद असल्याने तो सामना ओल्ड ट्रॅफर्डवर झाला होता आणि त्याआधी तिथेच मँचेस्टर युनायटेडचा सामना झाला होता. त्या सामन्याला आलेले शेकडो लोक आयतेच बसून राहिले. 13 जणांनी तेवढे नव्याने तिकीट काढले. आकडा खरा आहे आणि रिकाम्या मैदानाचे जे चित्र तो उभे करतो ते खोटे आहे. रॉचडेलच्या 450 मध्ये अशी पळवाट नाही.

1974 मध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये गेलेला क्लब तिथून वर आला तो 2010 मध्ये. मध्ये सलग 36 हंगाम गेले. लोक तळाच्या डिव्हिजनला ‘रॉचडेल डिव्हिजन’ म्हणू लागले होते. या 36 हंगामांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, आणि तेच त्यांचे वैशिष्ट्य आहे.

या साऱ्यात एक आकडा असा आहे की ज्यापुढे बड्या क्लबांनीही टोपी काढावी. 1962 मध्ये रॉचडेल लीग कपच्या अंतिम फेरीत पोहोचले. उपांत्य फेरीत त्यांनी फर्स्ट डिव्हिजनमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला दोन सामन्यांत मिळून 4-3 असे हरवले. चौथ्या पायरीवरचा क्लब मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत जाण्याची ती पहिलीच वेळ होती. व्यवस्थापक होते टोनी कॉलिन्स, फुटबॉल लीगमधले पहिले कृष्णवर्णीय व्यवस्थापक. अंतिम फेरीत नॉर्विच सिटीने दोन सामन्यांत मिळून 4-0 असे हरवले. स्पर्धा तेव्हा नवी होती आणि कित्येक मोठ्या क्लबांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती, ही पुस्ती जोडल्याशिवाय काही जाणकारांना राहवत नाही. त्यांनी ती खुशाल जोडावी. आलेल्यांना हरवणे एवढेच खेळणाऱ्याच्या हाती असते.

अलीकडच्या काळातही रॉचडेलचे नाव देशभर गाजले ते बहुधा बरोबरीमुळे. 2018 मध्ये एफ. ए. कपच्या पाचव्या फेरीत टॉटनहॅमविरुद्ध स्टीव्ह डेव्हिसने नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला गोल करून 2-2 अशी बरोबरी साधली. सप्टेंबर 2019 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध 16 वर्षांच्या लूक मॅथिसनने 1-1 अशी बरोबरी करून दिली, आणि पुढे जानेवारीत न्यूकॅसलविरुद्ध 40 वर्षांच्या अ‍ॅरन विल्ब्रॅहमने तेच केले. एकाच हंगामात शाळकरी पोराने आणि चाळिशीच्या गृहस्थाने प्रीमियर लीगच्या दोन संघांना रोखून धरावे, हे दुसऱ्या कोणत्या क्लबाच्या नोंदीत सापडेल मला ठाऊक नाही. तिन्ही वेळा पुढे रॉचडेलच बाहेर पडले; टॉटनहॅमने तर फेरसामन्यात, वेम्ब्लीवर बर्फ पडत असताना, 6-1 असे धुतले. ते निकाल मी तक्त्यात वाचतो आणि लगेच विसरतो.

1962 च्या त्या मानाला 2013 मध्ये वाटेकरी मिळाला. चौथ्या पायरीवरचा ब्रॅडफर्ड सिटी हा क्लब लीग कपच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि 51 वर्षे एकट्या रॉचडेलच्या नावावर असलेली नोंद दोघांची झाली. ब्रॅडफर्डचा कर्णधार होता गॅरी जोन्स. रॉचडेलकडून लीगमध्ये सर्वाधिक सामने खेळलेला खेळाडू हाच. अंतिम सामन्यात स्वान्सीने ब्रॅडफर्डचा 5-0 असा पराभव केला, त्यामुळे गोलफरकाच्या बाबतीत रॉचडेलची कामगिरी अजूनही सरस आहे. क्लब 2023 मध्ये लीगमधून बाहेर पडला, आणि तिच्या खालच्या पायरीवरच्या नॅशनल लीगमधले सामने त्या जुन्या नोंदीत धरले जात नाहीत. म्हणून तिथे कोणी कितीही वर्षे खेळला तरी जोन्सच्या 470 या आकड्याला त्याने धक्का लागत नाही.