कूलंट जातंय कुठे?

मार्च संपत आला होता आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीतली पातळी मिनच्या रेघेखाली गेलेली दिसली. भर घातली. थोड्याच दिवसांत परत तेच. पार्किंगमध्ये फरशीवर डाग म्हणाल तर एकही नाही. गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, रोजचं येणं-जाणं मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी, आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा अजून मधोमध. तरी मला स्वस्थ बसवेना. कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते बंद यंत्रणेत फिरत राहतं. पातळी उतरते म्हणजे एक तर ते बाहेर गळतंय, नाहीतर इंजिनाच्या आत जळतंय. आणि पुढे नागपूरचा मे होता. पारा 45 च्या वर, वर्धा रोडवरचा सिग्नल, एसी चालू. तेव्हा अर्धं रिकामं रेडिएटर घेऊन फिरणं म्हणजे इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, तापून वाकवून घेण्याची तयारीच.

आधी घरचे उपाय. रात्री गाडीखाली टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी डावीकडे एक ओला ठिपका, तो मात्र एसीचा निघाला. एसीचं पाणी साधं असतं, वास नाही, चिकटपणा नाही, आणि उन्हाळ्यात ते पडलंच पाहिजे. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, त्याला रंग असतो आणि गोडसर वास येतो. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी, शिवाय चवीला गोड, त्यामुळे कॉलनीतली कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलं की लगेच धुवायचं. काळपट तपकिरी डाग इंजिन ऑइलचा. लालसर असेल तर बहुधा पॉवर स्टीअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, पातळ ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकतं, आणि मग गाडी हलवायचीच नाही. माझ्या पुठ्ठ्यावर यातलं काहीच नव्हतं. पायाखालचं कार्पेट कोरडं, काचेवर चिकट वाफ नाही, म्हणजे कूलंटच्याच उष्णतेवर चालणारा आतला हीटरही गळत नव्हता.

घराजवळच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं, आणि उघडल्याबरोबर निकाल आला: "भाऊ, हेड गॅसकेट गेलं. हेड खोलावं लागते." कशावरून, तर बाहेर गळत नाही म्हणून. हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील, गेलं की सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येत राहतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मळी जमते, गाडी सुरू केल्या केल्या रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. सगळीच लक्षणं एकदम दिसतील असं नाही, पण माझ्याकडे एकही नव्हतं. मी गाडी परत आणली.

शेजारच्या काकांनी हळद सुचवली. त्यांनी आयुष्यभर टॅक्सी चालवलेली. गरम पाण्यात हळद फुगते आणि भोकात जाऊन बसते. घाटात अडकलेला माणूस घरापर्यंत येतो, हे खरंच. पण तीच हळद नंतर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते. बाजारात मिळणाऱ्या लीक बंद करायच्या बाटल्यांचंही मला तेच भय वाटतं.

शेवटी कामठी रोडवरच्या एका रेडिएटरवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांची पहिली अट, "गाडी थंडी पाहिजे. गरम गाडीचं झाकण मी खोलत नाही." आधी त्यांनी झाकणच तपासलं. त्यावर 1.1 लिहिलेलं होतं, म्हणजे तेवढा बार दाब ते धरून ठेवतं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं. या दाबाखाली सव्वाशेच्या पुढे जातं. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की कूलंट आधीच उकळून बाटलीतून बाहेर उडतं. माझं झाकण ठणठणीत होतं.

मग प्रेशर टेस्टर. झाकणाच्या जागी अडॅप्टर बसवून हातपंपानं दाब भरला आणि आम्ही चहा घेत काट्याकडे बघत बसलो. काटा हळूहळू उतरत होता. रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीची शिवण कोरडी, होजच्या, म्हणजे रबरी नळ्यांच्या, क्लिपा कोरड्या, इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणाऱ्या थर्मोस्टॅटचा सांधाही कोरडा. "लीकेज हाये, पण लपून राह्यलं," मिस्त्री म्हणाले. खालचं प्लॅस्टिकचं गार्ड काढलं, छोटा आरसा आणि टॉर्च आत घातला, आणि वॉटर बॉडीच्या पोटाशी गुलाबी पापुद्रा दिसला.

वॉटर बॉडी म्हणजे कूलंट फिरवणारा वॉटर पंप. त्याच्या शाफ्टवर एकीकडे सील, दुसरीकडे बेअरिंग, आणि मध्ये कंपनीनंच ठेवलेलं एक बारीक भोक. सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर पडावं, यासाठी ते असतं. त्यामुळे त्यावर एम-सील लावणं म्हणजे रोग झाकणं. थेंब गरम इंजिनावर आणि गार्डवर पडत होते, पाणी उडून जात होतं, मागे गुलाबी भुकटी उरत होती. फरशीपर्यंत काही पोचतच नव्हतं. पुली हातानं हलवली तर डुगडुगत होती. माझ्या समाधानासाठी त्यांनी रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रावणाची नळीही धरली. इंजिनातला जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रावण पिवळं पडतं. ते निळंच राहिलं.

पंप बदलायला फार वेळ लागला नाही. जुन्या गॅसकेटचे चिकटलेले तुकडे खरवडण्यातच निम्मा वेळ गेला. बेल्ट तसाही उतरवला होता, नवीन टाकला. खालचा होज दाबल्यावर चिरा दिसल्या, तोही गेला. मदतनीस पोरगा थर्मोस्टॅट काढून टाकू म्हणाला; नागपुरात बरेच जण काढतात. मी नको म्हटलं. थर्मोस्टॅट नसला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन वेळेवर तापत नाही आणि ॲव्हरेज घसरतं.

कूलंट तयार मिश्रणाचं घेतलं. कॉन्सन्ट्रेट घेतलं असतं तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी मिसळावं लागलं असतं. बोअरचं जड पाणी आत क्षार धरतं. रंग जुळला म्हणून कूलंट जुळलं असंही नाही, रंग प्रत्येक कंपनीचा आपापला. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकारच बघायचा.

मग हवा काढायची. पुढची चाकं उतारावर चढवली, हीटर पूर्ण गरमवर, एप्रिलच्या दुपारी! घामानं चिंब होऊन मी आत बसलो होतो, मिस्त्री वरचा होज दाबून बुडबुडे काढत होते. हीटरमधून खणखणीत गरम हवा आली, रेडिएटरचा पंखा लागला आणि बंद झाला, तेव्हा ते हसले. गाडी गार झाल्यावर पातळी परत भरली आणि बाटलीवर मार्करनं रेघ मारली.

त्यानंतर एसी लावून चिखलदऱ्याचा घाट चढून आलो. सकाळी थंड गाडीत बघितलं, कूलंट रेघेवरच. मिस्त्रींनी क्लिपा पुन्हा आवळायला बोलावलंय. वरचा होजही जुनाच आहे, त्याच फेरीत बदलून घेईन म्हणतो.