सानूर : भरतीचं कोष्टक पाहून जायचा किनारा

बालीला जाणारी आपली बहुतेक मंडळी कुटा, सेमिन्याक किंवा उबुद गाठतात. सानूर राहून जातं. गेलं तरी समोरच्या नुसा पेनिडा बेटाची बोट पकडण्यापुरतं. खरं तर समुद्रकाठच्या पर्यटनाची बालीतली मोठी सुरुवात इथेच झाली. इंडोनेशियाचे पहिले अध्यक्ष सुकार्नो यांच्या काळात, जपानच्या युद्धभरपाईच्या पैशातून, इथे दहा मजली बाली बीच हॉटेल उभं राहिलं आणि 1966 साली ते सुरू झालं. माडांच्या रांगेवर डोकं काढणारी ती इमारत बालीकरांना खटकली. पुढे नियमच झाला की बांधकाम माडाच्या उंचीच्या, म्हणजे 15 मीटरच्या वर जायचं नाही. आज सानूरच्या वाळूत उभं राहून मागे पाहिलं की जवळपास सगळीकडे झाडं दिसतात, ते या नियमामुळे.

आता मुद्द्याचं. सानूरला जाऊन हिरमुसून परतणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: "पाणीच नव्हतं." त्यांचं बरोबर असतं, फक्त ते ओहोटीला गेलेले असतात. किनाऱ्यापासून काही शे मीटरवर प्रवाळाची लांब भिंत आहे. लाटा तिथेच फुटतात, आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. लहान मुलं आणि वयस्क माणसं बरोबर असतील तर बालीत याहून चांगला किनारा मी सुचवणार नाही. पण हा तळ उथळ आणि सपाट आहे. उधाणाच्या दिवसांत पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की प्रवाळ, शेवाळ आणि डबकी उघडी पडतात आणि पोहणं बाजूलाच राहतं.

म्हणून निघण्याआधी बेनोआ बंदराचं भरतीचं कोष्टक पाहायचं. फोनवर सहज मिळतं. भरतीच्या शिखराआधीचे दोन-अडीच तास आणि नंतरचे तितकेच, ही पोहायची वेळ. रोज ती साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब इथे जसाच्या तसा लावू नका. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि समुद्रही वेगळा. तिथीचा उपयोग मात्र आहेच: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चढउतार मोठा असतो, अष्टमीच्या भांगात, म्हणजे कमी चढउताराच्या दिवसांत, पाणी फार हटत नाही. पोहणं हाच मुख्य हेतू असेल तर भांगाचे दिवस निवडा.

पायात रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच. प्रवाळाचा काप उथळ दिसला तरी लवकर भरत नाही, आणि खडकांच्या फटीत काटेरी समुद्री साळिंदरं असतात. काप गेला तर गोड्या पाण्याने घासून धुवा, कण आत राहू देऊ नका, जंतुनाशक लावा आणि त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरू नका. दुसरी गोष्ट, भिंतीच्या कडेपर्यंत पोहत जाऊ नका. भिंतीत बोटींसाठी खोल वाटा आहेत आणि ओहोटीला आतलं सगळं पाणी त्यांतूनच जोराने बाहेर पडतं. किनाऱ्यावरून ती ओढ अजिबात जाणवत नाही.

ज्वालामुखीच्या बेटावर वाळू काळी हवी, मग सानूरची पांढरट-पिवळी कशी? मूठभर उचलून तळहातावर पसरून पाहा. बहुतेक दाणे प्रवाळाचे आणि शिंपल्यांचे तुकडे असतात, हलके आणि ओबडधोबड. मध्येच बारीक काळे दाणे चमकतात, ते डोंगराकडून आलेले. उत्तरेला पादांग गालाकपासून पुढे हे प्रमाण उलटं होतं. तिकडे नद्या ज्वालामुखीची राख आणि खडकांचा चुरा आणून टाकतात, आणि प्रवाळाची भिंत नसल्याने लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात. त्या वाळूत साधं लोहचुंबक फिरवलं तर काळ्या दाण्यांची मिशी उगवते. रत्नागिरीत काळा समुद्र आणि पांढरा समुद्र शेजारी पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. दुपारी बारानंतर काळ्या वाळूत अनवाणी चालू नका, पाय भाजतात. पोहायला तर तिकडे उतरूच नका.

किनाऱ्याच्या कडेने उत्तरेच्या माताहारी तर्बितपासून दक्षिणेच्या मर्तासारीपर्यंत फरसबंद वाट आहे, साधारण पाच किलोमीटर. पायी रमतगमत दोन तास, भाड्याच्या सायकलने अर्धा-पाऊण तास. उत्तरेकडून सुरुवात करायची आणि सूर्योदयाआधी, कारण किनारा पूर्वाभिमुख आहे. सूर्य ऋतूप्रमाणे पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान वर येतो. आकाश निवळ असेल तर ईशान्येच्या अंगाला आगुंग पर्वत दिसतो, तीन हजार मीटरच्या वर उंच. 1963 साली त्याचा मोठा उद्रेक झाला होता. नऊ वाजेपर्यंत तो ढगात जातो, म्हणून "नंतर फोटो काढू" म्हणू नका.

त्याच वेळी जुकुंग, म्हणजे इथल्या मच्छीमारी होड्या, जवळून पाहून घ्या. आपल्या कोकण-गोव्याच्या होडीला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा बाजूचा तरंगता दांडा, एकाच बाजूला असते. जुकुंगला दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या असतात आणि त्या वाकवलेल्या आडव्या दांड्यांनी जोडलेल्या असतात. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, माशाचं-हत्तीचं मिश्र तोंड आणि दोन्हीकडे रंगवलेले डोळे. दांडा आणि उलांडी जिथे मिळतात तिथला बांध पाहा. खिळा नाही, दोरीचे पीळ आहेत. लाटेत जोड थोडा हलला पाहिजे, ताठ राहिला तर मोडतो.

वाटेवर उत्तरेच्या टोकाजवळ ल मेयूर या बेल्जियन चित्रकाराचं घर आहे. तो 1932 साली बालीला आला आणि नी पोलोक या लेगोंग (बालीचं पारंपरिक नृत्य) नर्तकीशी लग्न करून इथेच राहिला. युद्धाच्या काळात कॅनव्हास मिळेना तेव्हा विणलेल्या तंतूंच्या जाडसर कापडावर त्याने चित्रं काढली. खाऱ्या हवेने त्यांचं नुकसान झालंय, तरी ती पाहावीत. आत उजेड कमी असतो, सकाळीच जा, आणि उघडं आहे ना ते आधी विचारून घ्या.

पण मराठी माणसाने सानूरमध्ये एकच ठिकाण पाहायचं असेल तर ते ब्लांजोंगचा स्तंभ. दक्षिणेला, दानाऊ पोसो रस्त्यावर, एका छोट्या देवळाच्या आवारात आहे. पाटी लहान आहे, टॅक्सीच्या ॲपवर 'पुरा ब्लांजोंग' टाका. सुमारे पावणेदोन मीटरचा दगड, काचेच्या आत, कापड गुंडाळलेला. श्री केसरी वर्मदेव या राजाचा हा लेख. एका बाजूला जुनी बाली भाषा नागरी वळणाच्या लिपीत, दुसरीकडे संस्कृत मजकूर कावी या जावा-बालीच्या जुन्या लिपीत. भाषा आणि लिपी अशा उलटसुलट जोडलेल्या. कालगणना शकाची, महिना फाल्गुन, आणि वर्ष अंकांत नाही तर ठरावीक अंक सुचवणाऱ्या शब्दांत: शर, वह्नी, मूर्ती. म्हणजे 5, 3, 8. उजवीकडून वाचायचं, शके 835. पाडव्याच्या आधीचा महिना म्हणून 79 मिळवायचे, इसवी सन 914. आपल्या पंचांगात आजही चालणारा शक या समुद्रकाठी अकराशे वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला. अक्षरं झिजलेली आहेत, काचेवर उजेड येतो, त्यामुळे तिरप्या उन्हात, सकाळी आठच्या सुमारास जा. आवारात शिरताना कमरेला सारोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र) आणि पट्टा लागतो. वाटेत जमिनीवर केळीच्या-माडाच्या पानांच्या छोट्या टोपल्यांत फुलं ठेवलेली दिसतील. तो नैवेद्य आहे, ओलांडू नका, बाजूने जा.

शाकाहाऱ्यांसाठी. 'तेंपे' (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि 'ताहू' (टोफू) कुठेही मिळतात, 'गादो-गादो' म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या उकडलेल्या भाज्या. अडचण भाजीत नाही, चटणीत आहे. संबाल या मिरचीच्या चटणीत बहुधा 'तरासी' म्हणजे सुकट कोळंबीचा गोळा वाटलेला असतो. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. "तान्पा तरासी, तान्पा इकान" म्हणजे तरासी नको, मासे नकोत, असं म्हणा. अंडं नको असेल तर "तान्पा तलुर". मासे खाणाऱ्यांनी माक बेंगच्या जुन्या वारुंगात (खाणावळीत) तळलेला मासा आणि माशाच्या डोक्याचं आंबट-तिखट सूप घ्यावं. बाराच्या आत गेलात तर रांग लहान.

हवामान एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं. जून ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा थेट या किनाऱ्यावर येतो. हवा सुखद, पण पाणी थोडं गढूळ आणि शेवाळ जास्त. याच दिवसांत पेनिडाचा समुद्र खवळतो. बोट घ्यायचीच तर सकाळची पहिली किंवा दुसरी, आणि बैठक मागची. पुढे आपटी जास्त लागते. सानूरचं नवीन बंदर 2022 साली झाल्यापासून गुडघाभर पाण्यातून बोट चढावी लागत नाही, एवढा आराम नक्की.

विमानतळावरून टॅक्सीने अर्धा ते पाऊण तास. भारतीयांना उतरल्यावर मिळणारा व्हिसा 5 लाख रुपियांचा (रुपिया हे इंडोनेशियाचं चलन), 30 दिवसांचा. शिवाय फेब्रुवारी 2024 पासून 1.5 लाख रुपियांची पर्यटन पट्टी आहे. दोन्ही आधीच ऑनलाइन भरून ठेवा.

आणि तारखा ठरवताना न्येपी पाहा. हे बालीचं शक नववर्ष, आपल्या पाडव्याच्या आगेमागे येणारं. 2026 मध्ये दोन्ही 19 मार्चलाच, शके 1948. त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत विमानतळ बंद, बोटी बंद, दिवे मंद, आणि किनाऱ्यावर पाऊल ठेवायला पर्यटकांनाही मनाई. आदल्या दुपारीच पाणी, फळं आणि औषधं खोलीत आणून ठेवा. दुकानं लवकर बंद होतात आणि संध्याकाळी ओगोह-ओगोह, म्हणजे राक्षसांच्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकांमुळे रस्ते अडलेले असतात.