ज्यांनी फॉर्म भरलाच नाही

या सत्रात वर्ग पूर्ण पेपरलेस करायचं मी मनावर घेतलं होतं. नोट्स, असाइनमेंट, चाचण्या, सगळं ऑनलाइन. मुलांचं मत हवं म्हणून मोबाइलवर एक फॉर्म पाठवला. आलेल्या उत्तरांत जवळजवळ सगळ्यांचा होकार होता, त्यामुळे मी निर्धास्त झाले.

पंधरा दिवसांनी, तास संपल्यावर विसरलेली वही घ्यायला परत गेले, तर मागच्या बाकावर एक मुलगी एकटीच लिहीत बसलेली. समोर फोन, त्याची काच कोपऱ्यातून तडकलेली. त्यावर मीच पाठवलेली दोन रकान्यांची पीडीएफ. ती अक्षर मोठं करायची, ओळ डावीकडे सरकवत शेवटापर्यंत वाचायची, पुन्हा सुरुवातीला यायची आणि शब्द न् शब्द वहीत उतरवायची. पाऊण तासात एक पान झालं होतं.

"हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलंस?"

"मॅडम, फॉर्म भरलाच नाही. डेटा संपला होता."

मला धस्स झालं. पेपरलेस वर्ग हवा का, हे मी पेपरलेस पद्धतीनंच विचारलं होतं. ज्यांना तो जड जाणार, ते मोजणीत येणार तरी कसे? संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडलेलं प्रारूप मी दरवर्षी शिकवते: नवं तंत्र उपयोगी वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का, यावर माणूस ते स्वीकारतो. माझ्या फॉर्ममधले सगळे प्रश्न उपयोगाचे होते. सोपं जाईल का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव नको, मनातलं लिहा. रात्री एकेक वाचत बसले. 'घरात फोन एकच, तो रात्रीच हाती येतो.' 'स्क्रीनवर वाचलेलं डोक्यात शिरत नाही.' (यात तथ्य आहे. 2018 साली 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो असं दिसलं, वेळेचं बंधन असलं की विशेषच.)

आणि एक चिठ्ठी मोठाल्या, वाकड्या अक्षरांत: 'ऑनलाइनच राहू द्या. मला छापील अक्षर दिसत नाही. फोनवर मोठं करून पहिल्यांदाच स्वतःचं स्वतः वाचतोय.'

ती मी तीनदा वाचली.

आता असाइनमेंट कागदावरही चालते. पीडीएफ एका रकान्याची केली, एकदा डाउनलोड केली की डेटा लागत नाही. चाचणी कशावर घ्यायची, हे उद्या वर्गात बोलायचंय. त्या मुलीला आधीच सांगून ठेवलंय, सुरुवात तू करायची.