गच्चीवरचं सोलर, नोंद ४: टाकीची सावली आणि माझी चुकलेली जोडणी

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की सकाळी दहापर्यंत चार्जिंग जवळपास दिसतच नाही, बहुतेक कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारं यंत्र) गेला. कंट्रोलर ठणठणीत आहे. घोळ मीच घातला होता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी सांगतो. साताऱ्यातलं घर, गच्चीवर पूर्व-पश्चिम रांगेत १०० वॉटची चार पॅनेल. प्रत्येकात ३६ सेल, १८ व्होल्ट, साडेपाच अँपिअर. जिन्याखाली १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट. कंट्रोलर एमपीपीटी, म्हणजे कोणत्या व्होल्टेजला पॅनेलमधून सर्वात जास्त वॉट मिळतात ते शोधणारा, १०० व्होल्टपर्यंत चालणारा. पॅनेलच्या दोन-दोनच्या दोन माळा (माळेतली पॅनेल सिरीजमध्ये, व्होल्टची बेरीज होते), त्या आपसात पॅरलल (अँपिअरची बेरीज होते). रांगेच्या पूर्वेला पाण्याची टाकी, पॅनेलचे क्रमांक तिकडूनच १ ते ४.

डिसेंबरात सकाळी टाकीची सावली १ आणि २ वर असते, ३ आणि ४ लख्ख उन्हात. निम्मं तरी मिळायला हवं ना? मिळत होते दहा-पंधरा वॉट. एका रविवारी चहाचा कप कठड्यावर ठेवून एकेक वायर हाताने चाचपत गेलो, तेव्हा ट्यूब पेटली. केबल पुरावी म्हणून मी १ ला ३ शी आणि २ ला ४ शी जोडलं होतं. म्हणजे दोन्ही माळांत एकेक पॅनेल सावलीत! ते बायपास डायोडने (सावलीतल्या सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारा भाग) वगळलं की माळेत उरतात १६-१७ व्होल्ट. त्यावर २४ ची बॅटरी काय चार्ज होणार? १-२ एका माळेत आणि ३-४ दुसरीत घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी साडेआठला अँपिअर दिसायला लागले. खर्च शून्य, फक्त पॅनेलच्या वायरींचे एमसी-४ कनेक्टर सोडवताना नख गेलं.

मग हुक्की आली. जानेवारीतल्या स्वच्छ दुपारी ३२० वॉट येत असताना एका पॅनेलच्या एकाच सेलवर तळहाताएवढा पुठ्ठा ठेवला. आकडा थेट १६५ वर! १४४ सेलपैकी एक झाकला आणि निम्मी वीज गेली. कारण असं: माझ्या पॅनेलमध्ये दोन बायपास डायोड आहेत, प्रत्येकी १८ सेलसाठी. एक गट वगळला की त्या माळेत चारपैकी तीनच गट उरतात. तापलेल्या पॅनेलवर ते जेमतेम २४ व्होल्ट. शेजारची माळ ३३ वर चाललेली, बॅटरीलाही २७ च्या वर हवेत, त्यामुळे ती अख्खी माळच बसून राहते.

चारही पॅनेल एकाच सिरीजमध्ये जोडून तोच पुठ्ठा तिथेच ठेवला. सुरुवातीला कंट्रोलर २०-२५ वॉटवर घुटमळत राहिला. व्होल्ट बदलत गेलं की वॉट कसे बदलतात त्या वक्राला सावलीत दोन शिखरं येतात, हा बुटक्या शिखरावर चढून बसला होता. पॅनेलचा स्विच बंद-चालू करून त्याला नव्याने शोधायला लावल्यावर २७५. आठ गटांतला एक गेला, म्हणजे हिशेब बरोबर बसला.

‘सावली असेल तर पॅरललच कर’ असं मलाही दोघा-तिघांनी सांगितलं होतं. १२ व्होल्टची बॅटरी आणि साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर चालवणारा) असेल तर ते खरंच आहे. माझ्यासारख्या मांडणीत मात्र लांब माळ बरी. वर केबलचाही फायदा. गच्चीपासून जिन्यापर्यंत जाऊन-येऊन ३० मीटर आणि चार चौरस मिलिमीटरची वायर, म्हणजे साधारण ०.१५ ओहम. आधी ११ अँपिअरला ३३ पैकी दीडेक व्होल्ट वायरच खायची, आता साडेपाच अँपिअरला ६६ पैकी पाऊण.

दोन गोष्टी मात्र तपासूनच करा. उघड्या टोकांना, म्हणजे काहीच जोडलेलं नसताना, माझे २२ गुणिले ४ म्हणजे ८८ व्होल्ट; थंडीत पहाटे १० अंशांना ते ९२ च्या आसपास जातात. १०० च्या आत आहे, पण पाचवं पॅनेल विसरा. आणि एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप तुटणारा स्विच) डीसीचाच घ्या. एसीचा एमसीबी एवढ्या डीसी व्होल्टेजला ठिणगी विझवेलच असं नाही.

पुढचं काम: उभी पॅनेल आडवी करायची. दक्षिणेच्या कठड्याची सावली खालून वर सरकते. उभ्या पॅनेलमध्ये ती दोन्ही गटांना एकदम लागते, आडव्यात आधी फक्त खालच्या गटाला. कठडा किती नडतो ते बघायला दर तासाला स्लॅबवर खडूने सावलीची कड आखतोय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, नंतर ऑगस्ट उजाडेपर्यंत उत्तरेकडून जातो, तेव्हा खुणा पुन्हा आखाव्या लागतील. त्याआधी आईचं वाळवण याच गच्चीवर पडणार आहे. कुरडया घालताना खुणा पुसू नकोस म्हणून सांगितलंय. तिने आधी माझी फ्रेम सरकवायला सांगितलीय.