अप्पा

"अप्पा..." कोरियन कवयित्रीनं कागदावरून मान वर केली, तशी मागच्या बाकावर पेंगणारे आजोबा दचकून म्हणाले, "ऑं?"

सगळं वाचनालय हसलं. कोरियनमध्ये बाबांना अप्पाच म्हणतात. कन्नडमध्येही तेच. आणि बेळगावात तर दर दोन घरांआड एक अप्पा.

मराठी कवी डावीकडं, कन्नड कवी उजवीकडं. कुणी बसवलं नव्हतं हं तसं, आपसूक बसले. पाहुणे मधोमध.

चहाच्या वेळी आजोबा कुंद्याची बशी घेऊन तिच्यापुढं उभे. "तुमच्याकडंबी सीमाप्रश्न हाय म्हणे?"

दुभाषी पोरगी अडखळली. 'सीमाप्रश्न' कोरियनमध्ये सांगायचा कसा?

कवयित्री हळू बोलली. आजी मूळची उत्तरेतली. १९५३ ला लढाई थांबली, सीमा बंद झाली ती झालीच. पुढं आजीला माहेरचं पत्रसुद्धा नाही.

आजोबा गप्प. मग बशी तिच्या हातात देत म्हणाले, "आमचं तसं न्हाई बाई. १९५६ पासनं भांडायलोय, खरं लेक सीमेपल्याड, महाराष्ट्रात चंदगडला दिलीय. सकाळच्या यष्टीनं जातो, रातच्याला घरात."

हे तिला कुणी सांगितलं की नाही, कळलं नाही. तिनं कुंदा मात्र संपवला.

तिच्या कवितेतला अप्पा शेवटी घरी पोचला का, हे विचारायचं राहूनच गेलं. तुमच्यापैकी कुणी ऐकलं का?