उलटा काटा

१६ मे, रात्री

डाव्या अंगठ्याला पट्टी आहे, एकाच हाताने टाइप करतोय.

सकाळी सातला फ्लाय फिशिंग शिबिराची पोरं टेमघर धरणाच्या खाली मुठेच्या डोहावर. तीन दिवस मैदानात गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव झाला होता. फ्लाय फिशिंगमध्ये माशीला, म्हणजे गळावर पिसं बांधून केलेल्या नकली किड्याला, वजन जवळजवळ नसतंच, वजन जाड दोरीला. काठी मागे नेली की क्षणभर थांबायचं, दोरी मागे पुरती उलगडली की मग पुढे. ते थांबणंच नववी-दहावीतल्यांना जमत नाही. (मला तरी कुठे लवकर जमलं?) दोन तासांत गळाला लागलं काय, तर एक करंज आणि माझी टोपी.

कंटाळून दोघीजणी पाण्यातले दगड उलटायला लागल्या. खाली मेफ्लाय या पाणकिड्याची पिल्लं! चपटी, तीन शेपट्या, पोटाच्या कडेला पिसासारखे कल्ले थरथरताहेत. शेजारच्या दगडावर वाळूचे कण चिकटवून केलेली नळी, आत अळी. एकीने काल कोंबड्याच्या पिसाची बांधलेली माशी त्या पिल्लाशेजारी धरली. "सर, आपली फारच जाडी झालीये." फळ्यावर पाऊण तास घालवून मला जे सांगता आलं नव्हतं, ते हे. मग काठ्या काठावर आणि सगळे गुडघाभर पाण्यात.

परवा पुण्यात भिडे पुलाजवळ हेच केलं होतं. तिथे काळा गाळ आणि फक्त लालभडक अळ्या. अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू नसल्यातजमा असलेल्या पाण्यातही त्या तगतात. नदी हीच. १८३९ मध्ये साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने खुद्री महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेतल्या माशावरून. हे सांगितलं तर एक पोरगा म्हणाला, "आमच्या पुलावरून तर मासा सोडा, पाणीच दिसत नाही, जलपर्णी दिसते." खोटं काय बोलला?

आता अंगठ्याचं. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही, हे मी रोज ओरडून सांगतो. सगळ्यांचे गळ तपासले, माझा सोडून. सामान आवरताना तोच अंगठ्यात रुतला आणि निघेना. पोरं अत्यानंदात.

डॉक्टरांनी विचारलं, "काय लागलं?"

"माशी," म्हटलं. धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं.