चुन्याची निवळी

मराठी माध्यमात शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवा आणि विचारा, कार्बन डायऑक्साइड कसा ओळखायचा. डोळे न उघडता उत्तर येईल, "चुन्याची निवळी दुधाळ होते." संयुजा विसरल्या, मोल तर कधी कळलाच नव्हता, पण हे वाक्य हलत नाही. पुस्तकात बाकी सगळं 'उग्र वासाचा', 'तीव्र', 'विरल'. त्यात ही निवळी आणि हे दूध म्हणजे आजीनेच येऊन दोन शब्द लिहून जावेत तसं.

माझ्या बाबतीत मात्र हे वाक्य खोटं ठरलं.

नववीत प्रात्यक्षिकाच्या तासाला सरांनी प्रत्येकाच्या परीक्षानळीत बोटभर निवळी ओतली, सरबताच्या नळ्या वाटल्या आणि म्हणाले, फुंका. जरा गढूळ झाली की पोरं हात वर करून मोकळी. मला वाटलं, जास्त फुंकलं तर दूध दाट होईल. फुंकत राहिलो. कानशिलं ठणकायला लागली. धुकं आलं खरं, पण दाट होण्याऐवजी ते विरायला लागलं आणि नळीत पुन्हा नितळ पाणी. सरांनी नळी खिडकीकडे धरली, माझ्याकडे पाहिलं. "फुंकलंच नाहीस." वहीत लाल शेरा. मी काय सांगणार? पुस्तक त्यांच्या बाजूने होतं.

खरं तर पुस्तक एक पायरी आधीच थांबलं होतं. चुना पाण्यात फार विरघळत नाही, लिटरला जेमतेम दीड ग्रॅम. उरलेला तळाशी बसतो आणि वर निवळतं ते पाणी म्हणजे निवळी. तिच्यात कार्बन डायऑक्साइड शिरला की कॅल्शिअम कार्बोनेटचे बारीक कण तयार होतात, तेच ते दूध. पण वायू येतच राहिला, तर त्या कणांचं बायकार्बोनेट होऊन ते पाण्यात विरघळतं. आता उच्छ्वासात हा वायू फक्त ४ टक्क्यांच्या आसपास. निवळी ताजी, कडक असती तर माझ्या फुंकरीने ती पुरती निवळली नसती. आमची बाटली मात्र केव्हाची उघडी. वर सायीसारखा पापुद्रा धरलेला, म्हणजे हवेतलाच वायू तिच्यातला चुना खाऊन बसलेला. उरलं होतं ते पाणचट. १७५०च्या दशकात स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने चुन्याच्या पाण्यात श्वास सोडूनच ताडलं होतं, की चुनखडी भाजताना निघणारी हवा आणि आपण बाहेर टाकतो ती, दोन्ही एकच. त्याची निवळी नक्कीच ताजी असणार.

तोच पापुद्रा घरी भिंतीवर चढायचा. दिवाळीआधी पिंपात कळीचा चुना टाकून वर पाणी ओतलं की पिंप खदखदायला लागायचं. खाली जाळ नाही, काही नाही. आम्हा पोरांना दहा हात लांब उभं करायचे. थंड झाल्यावर चिमूटभर नीळ. कुंचा मारला त्या दिवशी भिंत ओली आणि मळकटच दिसे. दोन-तीन दिवसांत हवा पिऊन ती उजळायची, कारण चुन्याची पुन्हा चुनखडी होत असे. भट्टीत घालवलेला वायू भिंत फुकटात परत मिळवायची.

आता भिंतींना प्लास्टिक पेंट आहे आणि नळाला बोअरचं पाणी. जमिनीतून झिरपताना ते मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि वाटेतला चुना विरघळवत येतं. म्हणजे माझी नववीतली परीक्षानळीच, बादलीभर. त्यात हीटरचा रॉड सोडला की उलटा प्रवास: वायू उडून जातो, चुना रॉडवर बसतो. परवा आमच्या रॉडवर अंड्याच्या टरफलाएवढा थर चढला होता. बायको नवा आणू म्हणाली. मी उंच डब्यात व्हिनेगर ओतून तो उभा केला. क्षणभर काही नाही. मग थराच्या कडेने बुडबुड्यांची बारीक माळ लागली, एक कपचा सुटून तळाशी गेला आणि डबाभर फसफस.

मी ओट्यापाशी वाकून बघत राहिलो. कान डब्याला लावला तर चुरचुर ऐकू येत होती.

"नुसतं बघत काय बसलायस," मागून आवाज आला, "घास की."